चालू राहिलेली बटणं

लाइट आली पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी
आणि सगळ्यात आधी बोलला मिक्सर.
सोमवारी दुपारी चटणी अर्धी फिरली असताना गेली होती,
मी कपाळावर हात मारला, भांडं तसंच सोडलं,
बटण बंद करायचं राहिलं.
आता तो अंधारात एकटाच गरगरत होता
तीन दिवसांची लसूण पोटात घेऊन.
मग न्हाणीतला बल्ब, बेडरूमचा पंखा,
टीव्हीवर कुणीतरी वाक्याच्या मध्यापासून बोलायला लागलं.
घरात काय काय चालू राहिलं होतं
ते लाइट आल्यावरच कळतं.

आम्ही गच्चीवर, चौघं, एका ताडपत्रीवर.
शेजारच्या गच्चीवर शमशादभाभी आणि तिच्या पोरी,
पलीकडे म्हेत्रे, उघडे, पाठीला पावडर लावलेले.
मायणी रस्त्याला वाऱ्यानं पाच खांब आडवे पाडले,
डीपी जळाला,
आणि वायरमन तांबोळी गाडीवरून जाता-येता
इतक्यांदा ‘होईल, होईल’ म्हणाला
की पोरांनी त्याचं नावच होईल पाडलं.

खाली आमचे चार माग.
पहिल्या दिवशी ते थांबले तरी आम्ही ओरडतच होतो.
‘मीठ दे’ हे वाक्य
विट्यात आमच्या गल्लीत भांडणासारखंच म्हणतात.
दुसऱ्या दिवशी गार्गी म्हणाली,
आई, हळू बोल ना, मी इथंच आहे.
मामंजींना ऐकू येत नाही, चाळीस वर्षांच्या खटखटीत कान गेले,
पण झोप त्यांनाही नव्हती.
म्हणाले, जमीन हलत नाही गं.
आणि मला तेव्हा कळलं
की मुरलीधरचा आवाज मऊ आहे.
लग्नाला बारा वर्षं झाली.

काल रात्री त्या आवाजात तो म्हणाला,
मला माग कधीच आवडला नाही.
आभाळाकडे बघून म्हणाला. मला म्हणाला का, माहीत नाही.
मी कूस बदलली,
झोपेत बदलतात तशी.

सकाळी फ्रीज उघडला.
दुधाची पिशवी फुगून उशी झालेली,
कोथिंबीर काळी, पन्हं फसफसलेलं,
इडलीचं पीठ डब्याचं झाकण ढकलून
फळीवर उतरलेलं.
वॉशिंग मशीनच्या दारानं तीन दिवस चादर ओलीस धरली होती,
ते कट्ट आवाज करून उघडलं
आणि घरभर डबक्याचा वास.
धू, पूस, फेक, पुन्हा धू.
भाभी भिंतीवरून विचारत होती, तुमचं लोणी राहिलं का,
मी म्हटलं, तूपच झालं जणू,
आणि दोघी हसलो, हळूच,
कारण अजून हळू हसता येत होतं.

एका बोर्डाला चार फोन लागले.
जो तो वायर पुरेल तेवढाच,
भिंतीकडे तोंड करून.

साडेसहाला पहिला माग सुरू झाला.
कापडात अर्ध्यात अडकलेला धोटा
सोमवारी जिथं होता तिथूनच निघाला.
मग दुसरा, मग म्हेत्र्यांचे, मग सगळी गल्ली,
कपाटातल्या वाट्या किणकिणायला लागल्या,
मामंजी बसल्या जागी पेंगले.

मुरलीधर शेडच्या दारात आला, कानात सूत, भुवयांवर कापूस,
आणि काहीतरी बोलला.
ओठ हलले. दोनदा.
मी ‘हो’ म्हणून मान हलवली,
इथं सगळ्याच बायका हलवतात तशी,
चहा म्हणत असेल.

चहा नेऊन दिला.
त्यानं कपाकडे बघितलं,
मग माझ्याकडे,
आणि घेतला.